घोंगडीच्या वाटेनं: फलटण ते पट्टणकोडोली

घोंगडी तिच्या मुलखात पाहायची तर दसरा ते दिवाळी हा काळ गाठावा. पाऊस सरताना मेंढरांची एक कातरण चालू असते, मेंढपाळांचे मुक्काम, म्हणजे वाडे, अजून गावाकडेच असतात आणि कोल्हापूरजवळच्या पट्टणकोडोलीची जत्राही याच सुमारास येते. दिवाळी झाली की माणदेशातले बरेच मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणात नाहीतर ऊसपट्ट्यात उतरतात, ते पावसाच्या तोंडावरच परततात. तेव्हा गेलात तर गल्लीत माग दिसेल, कळप दिसणार नाही.

पहिला दिवस: फलटण, दहिवडी, म्हसवड

पुण्याहून सकाळी लवकर निघालं की फलटणला न्याहारी होते. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं नाव मेंढपाळांच्या तोंडी असतं ते 'नारी सुवर्णा' मेंढीमुळे. बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीत जुळं देण्याचा गुण आहे. त्याचं जनुक दख्खनी मेंढीत आणून ही जात तयार झाली. जुळी कोकरं म्हणजे जास्त मटण. या सगळ्या हिशेबात लोकरीचं नाव कुठंच येत नाही. घोंगडीचं पुढं काय होणार, याचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

मोगराळे घाट चढला की हवा बदलते. पावसाळा संपतानाही डोंगर निम्मेच हिरवे असतात, पुढं बाभळी, कुसळं आणि बाजरीची कापलेली रानं. दहिवडीच्या पुढं रस्त्याकडेला कातरण चालू असलेला वाडा दिसला, तर गाडी लांब उभी करून चालत जावं. हॉर्न वाजवला तर मेंढरं बुजतात आणि कुत्री अंगावर येतात. वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम: भोवती वाघर, म्हणजे जाळं, आत मेंढरं, कडेला चूल आणि टोपलीखाली डाललेल्या कोंबड्या.

कातरणीचं काम दिसायला सोपं असतं. आदल्या दिवशी किंवा भल्या सकाळी मेंढरं ओढ्यात धुऊन काढतात आणि अंग पूर्ण वाळल्यावरच कातर लावतात. ओली लोकर कातरून पोत्यात भरली तर ती आतून तापते, कुबट वास धरते आणि पुढं धागा तुटत राहतो. मेंढीला आडवी पाडून पाय बांधतात. कातर कातड्याला समांतर धरून मानेकडून पाठीकडे जातात. सराईत माणसाला एका मेंढीला साधारण पाव तास लागतो. एकाच जागी दोनदा कातर फिरली की लोकरीचे बारीक तुकडे पडतात. ते सुतात टिकत नाहीत, घोंगडी वापरताना झडतात. कातडं चिरलं तर लगेच हळद दाबतात, नाहीतर माशी बसून किडे पडतात.

पाठीची आणि कुशीची लोकर एका ढिगात, पोटाची आणि पायांची दुसऱ्यात. काळी, पांढरी, करडी अशी रंगवार वाटणी तिथंच होते, कारण अस्सल घोंगडीत रंग चढवत नाहीत. मेंढीचा रंग तोच घोंगडीचा रंग. दख्खनी मेंढी एका कातरणीला पाव ते अर्धा किलो लोकर देते, त्याहून जास्त नाही. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. बाळाच्या केसांना म्हणतो तोच शब्द. जावळाची लोकर मऊ असते आणि प्रत्येक कोकराकडून एकदाच मिळते, म्हणून जावळाची घोंगडी महाग. बाजारात मात्र दर दुसरा विक्रेता आपली घोंगडी जावळाचीच सांगतो. तिथं कानावर विसंबू नये, गालाला लावून पाहावी. टोचली तर ती जावळाची नाही.

वाड्यावर चहा मिळाला तर नको म्हणू नका. मेंढीच्या दुधाचा चहा दाट असतो, वर साय धरतो आणि एका कपात पोट भरतं.

मुक्कामाला म्हसवड. माणगंगेकाठचं गाव, सिद्धनाथाचं मोठं देऊळ. राहायच्या सोयी साध्या आहेत. जेवायला हुलग्याचं माडगं किंवा शेंगोळी कुठं मिळते ते विचारावं. बाजरीची भाकरी आणि खरडा तर कुठंही मिळतो. रात्री गारवा उतरतो. दिवसा उकाड्यानं जीव नकोसा झालेल्या माणसालाही पहाटे पांघरूण ओढावं लागतं. मेंढपाळ बारा महिने खांद्यावर घोंगडी का टाकतो, हे त्या पहाटे कळतं.

दुसरा दिवस: माग

धनगर मेंढ्या पाळतो, घोंगडी विणतो तो बहुतेक ठिकाणी सणगर. म्हणूनच घोंगडीच्या जुन्या बाजारगावांत सणगर गल्ली सापडते, कोल्हापुरातही आहे. धनगरांतल्या खुटेकर शाखेचंही विणकामाशी नातं सांगतात, आणि त्यांचं नाव ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, बांधायच्या खुंट्यांवरून आल्याचं म्हणतात.

मागावर जायचं तर सकाळी आठच्या आत जावं. ताण्याला खळ लावायचं काम उन्हाच्या हिशेबानं चालतं, आणि सगळ्या कामात पाहण्यासारखं तेच आहे.

आधी लोकर पिंजतात. धनुकलीची, म्हणजे पिंजायच्या धनुष्याची, तात लोकरीत थरथरवली की गुठळ्या सुटतात, काटेकुसळं खाली पडतात. मग चरखा. कताई बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि चांगली कातणारी आता साठीच्या पुढचीच भेटते. उभ्या धाग्याला पीळ घट्ट देतात, आडव्याला सैल. उभा धागा मागाचा ताण सोसतो आणि आडवा फुलून ऊब धरतो.

दख्खनी लोकर आखूड आणि भरड असते. नुसत्या पिळावर तिचा धागा ताण सोसत नाही, त्याला खळ लागते, आणि खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, कुटून वरचं तपकिरी साल काढायचं, पांढरी डाळ रात्रभर भिजवायची, वाटायची आणि पाण्यात शिजवून चिकट लापशी करायची. चिंचोके जास्त भाजले तर चिकटपणा जातो. ताणा गल्लीत खुंट्यांवर ताणलेला असतो. त्यावर खळ ओतून मोठ्या कुंच्यानं एकाच दिशेनं ओढत नेतात. धाग्यावर उभे राहिलेले केस बसवायचे आणि धागे एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, हे सगळं खळ वाळायच्या आत उरकायचं. पातळ खळीत केस उभेच राहतात आणि मागावर शेजारचे धागे गुंततात. घट्ट खळीनं धागा काडीसारखा कडक होऊन मोडतो. आभाळ आलं तर खळ वाळत नाही, आंबते आणि तो आंबूस वास पुढं कितीतरी दिवस जात नाही. म्हणून ढगाळ दिवशी विणकर ताण्याला हात लावत नाही. आपण कितीही लांबून आलेलो असलो तरी.

माग खड्ड्यातला. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसून पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर ठेवतो. मागावरचं काम दोनेक दिवसांचं, वेळ खातात ती पिंजणं आणि कताई. विणून झालेली घोंगडी पाण्यात तुडवतात. त्यानं वीण आवळते, खळ निघते आणि दोन धाग्यांतल्या फटी बुजतात.

आता हिशेब. साधारण नऊ फूट लांब आणि चार फूट रुंद घोंगडी दोन-अडीच किलोची भरते. लोकरीतली माती, काटे आणि थोडं चिकट मेण निघून जातं, म्हणून कच्ची लोकर साडेतीन किलोच्या आसपास लागते. म्हणजे एका घोंगडीला दहाएक मेंढ्यांची एक पूर्ण कातरण. विणकर लांबी-रुंदी हातांवर सांगतात, पण हात माणसागणिक बदलतो. घेताना टेप लावून फुटांत मोजून घ्यावी.

दुकानात 'घोंगडी' या एका शब्दाखाली चार वस्तू पुढं येतात. घोंगडी ती मागावर विणलेली, अंगावर घ्यायची. जेन जाड आणि भरड, ते अंथरायचं. बुरणूस विणलेला नसतोच: लोकरीचे थर पाण्यानं आणि दाबानं एकजीव केलेला जाड नमदा. बुरणूस हा शब्द फारसी-अरबीतून आला. अरबीत बुर्नुस म्हणजे टोपी जोडलेला लोकरी झगा, उत्तर आफ्रिकेतले मेंढपाळ आजही तो घालतात. मराठीत येताना झगा गेला आणि राहिला नुसता नमदा. चौथी धाबळी, सोवळ्यात नेसायचं लोकरी वस्त्र. लोकरीला विटाळ नाही अशी समजूत, म्हणून सुती धोतर पुन्हा धुवावं लागे तिथं धाबळी चाले. पाठीला अंथरायला हवं असेल आणि 'घोंगडी द्या' म्हटलं, तर पातळ पांघरूण हातात पडेल. काय हवं ते नावानं सांगावं.

तिसरा दिवस: आटपाडीचा बाजार आणि परतीचा पाऊस

आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार शनिवारी असतो. निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी, सणावारी दिवस मागंपुढं होतो. उजाडताच पोचलं तरच खरा व्यवहार दिसतो. दहानंतर उरतात ती न विकलेली जनावरं आणि भजी. व्यापारी मेंढराच्या कमरेवर हात दाबून मांस किती ते पाहतो, लोकर कोणी चाचपत नाही. कातरणाऱ्याची मजुरी निघेल एवढासुद्धा लोकरीचा भाव येत नाही, म्हणून कित्येक वाड्यांवर ती बांधाला टाकून देतात. एकीकडे विणकराला चांगली लोकर मिळत नाही आणि दुसरीकडे लोकर कुजते, असा हा कारभार.

दुपारी परतीच्या पावसानं गाठलं. बाजारात क्षणात निळे-पिवळे प्लॅस्टिकचे कागद उघडले. मोजक्या म्हाताऱ्यांनी मात्र खांद्यावरची घोंगडी सोडून खोळ घेतली. पाऊस उघडल्यावर एका म्हातारबांनी ती कशी घ्यायची ते सावकाश करून दाखवलं.

घोंगडीची लांब कड आडवी, वरच्या बाजूला धरायची. बरोबर मध्यावर दुमडून दोन्ही अर्धे एकमेकांवर आणायचे. आता घडी पाठीच्या कण्याच्या रेषेत येते. वरच्या काठाचे दोन पदर घडीपासून पुढं सुमारे एक वीत एकत्र टाचायचे. पूर्वी बाभळीच्या काट्यानं टाचत, आता सुतळीचे चार टाके. टाचलेला भाग डोक्यावर बसवला की मागं टोक निघतं आणि पाणी त्या टोकावरून पाठीवर घरंगळतं, मानेत शिरत नाही. उरलेले दोन पदर खांद्यांवरून पुढं येतात. डावा आत, उजवा वरून, आणि काठी धरलेल्या हातानं दोन्ही पोटाशी दाबायचे. रुंदी चार फूट असल्यानं खालची कड पोटऱ्यांपर्यंत येते आणि चालताना पायांत येत नाही. टाचण वितीपेक्षा मोठी झाली तर टोपी डोळ्यांवर येते, लहान झाली तर वाऱ्यानं मागं पडते.

गादीची खोळ म्हणतो ती हीच खोळ, आत काही झाकून घेणारी पिशवी. अशी खोळ घेण्याला घोंगता असाही जुना शब्द आहे. माझ्या मते घोंगडीची खरी ओळख ही आहे. चादर अंगावर पडते. घोंगडी चार दुमडींत कपडा होते आणि पाऊस थांबला की पुन्हा अंथरूण, तराजूखाली पसरायचं फडकं, कोकरू गुंडाळायची झोळी.

त्या खोळीवर पाऊस पडताना जवळून पाहिला. सुरुवातीचे थेंब कापडाला लागतच नाहीत. वरच्या राठ केसांच्या टोकांवर गोल बसतात आणि अंग हललं की ओघळतात. लोकरीतलं मेण पाणी धरू देत नाही. पण तासभर झोडपलं की घोंगडी पाणी प्यायला लागते. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात ठेवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. त्यापुढं ती जड होते, आणि एकदा निथळ भिजली की उन्हातसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाही. 'भिजत घोंगडं' कशाला म्हणतात ते सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्यांना ठाऊक आहेच. त्यातलं घोंगडं किती जड असतं ते कळायला एकदा भिजलेलं उचलून पाहावं.

चौथा दिवस: जत, माडग्याळ

हा दिवस प्रवासाचाच. खराब रस्ता आणि एक पंक्चर सोडून सांगण्यासारखं थोडं. माडग्याळची मेंढी मात्र पाहून यावी: उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस-तपकिरी ठिपके, पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. अंगावर लोकर जवळजवळ नाही. मटणासाठी हिचा नर सोन्याच्या भावानं जातो, आणि कळपात ही वाढली की कातरणीला काही उरत नाही.

जतच्या पूर्वेकडच्या गावांत कन्नड ऐकू येऊ लागतं आणि बिरोबाचा बीरेश्वर होतो. घोंगडीला इथं 'कंबळी' म्हणतात. आपलं कांबळं तेच. दोन्हींचं मूळ संस्कृत 'कंबल', आणि तो शब्द अथर्ववेदाइतका जुना. घोंगडीला असा संस्कृतातला पूर्वज दाखवता येत नाही. तिचा गोतावळा तेलुगूत आहे. तिथं 'गोंगडी' किंवा 'गोंगळी'. तेलंगणातले कुरुमा मेंढपाळ याच काळ्या दख्खनी लोकरीचं तसंच वस्त्र याच नावानं पांघरतात, त्याचीही डोक्यावर टोपी करतात. केसाळ सुरवंटाला तेलुगूत 'गोंगळी पुरुगू' म्हणतात, म्हणजे घोंगडीकिडा. मराठी आणि तेलुगू मुलखात दख्खनी मेंढी जिथवर चरते तिथवर हा शब्द चालतो. मेंढी संपते तिथं कंबल, शाल, लोई सुरू.

मराठीत शब्द आता लोकरीवाचूनही चालतो. निवडणूक आली की पेपरात घोंगडी बैठकांच्या बातम्या येतात, फोटोत खाली सतरंजी आणि पुढाऱ्यापुरती प्लॅस्टिकची खुर्ची.

पाचवा दिवस: पट्टणकोडोली

कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, हुपरीच्या अलीकडे. विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेची तारीख तिथीवर ठरते, दसरा-दिवाळीच्या मधे येते. मुख्य दिवशी गाडी गावाबाहेर लावून चालत जावं लागतं, आणि सकाळी दहाच्या आत पोचलात तरच पुढं उभं राहायला मिळतं.

भंडाऱ्यानं सगळं पिवळं: रस्ते, कौलं, माणसं, कुत्री. छत्र्या, ढोल-कैताळ, गजी नाचणारे. जत्रेचे मानकरी फरांदेबाबा माढा तालुक्यातल्या अंजनगावाहून पायी येतात, तलवारीनं हेडाम, म्हणजे देवाचा नाच, खेळत देवळाकडे जातात आणि भाकणूक सांगतात: पाऊसपाणी, धान्याचे भाव, रोगराई. त्यांच्यावर उधळतात ती हळद, खोबऱ्याच्या वाट्या, खारका आणि लोकर. बाजारात जिला भाव नाही ती इथं मुठीमुठीनं देवाला जाते. खोबऱ्याची वाटी डोक्यात बसली की चांगलीच लागते. चष्मा काढून ठेवा, टोपी घाला. कॅमेरा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून त्यात घाला, हळदीची भुकटी लेन्सच्या कड्यात शिरते आणि निघत नाही.

घोंगड्यांची दुकानं जत्रेत रांगेनं लागतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडचे विणकर येतात, निवड इथं सगळ्यात चांगली. फसवणूकही इथंच, कारण मिलच्या मिश्र सुताची पांघरुणं त्याच ढिगात असतात. ओळखायचं असं: कडेचा एक धागा उसवून काडी लावायची. लोकर केस जळाल्यासारखी वासते, ज्योत काढली की विझते, राख बोटांत चुरते. कृत्रिम सूत वितळतं आणि कडक मणी उरतो. धागा जाळू न देणाऱ्याकडून घेऊ नये. मग घोंगडी उजेडासमोर धरा. हातमागाची वीण थोडी कमीजास्त असते, धाग्याची जाडी बदलते. अगदी एकसारखी दिसली तर ती यंत्राची. एकसारखा गर्द काळा रंग असेल तर ओल्या रुमालानं घासून पाहा. मेंढीचा काळा किंचित तपकिरीकडे झुकतो आणि रुमालाला लागत नाही. दर लोकर, वीण आणि मापावर ठरतो. भावात घासाघीस चालते, पण दहा मेंढ्यांची लोकर आणि आठवडाभराची कताई ध्यानात ठेवून करावी.

नवी घोंगडी टोचते आणि तिला मेंढराचा, चिंचोक्याचा वास असतो. दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकली की वास निम्मा होतो, वापरानं टोचणं कमी होतं. गरम पाणी आणि वॉशिंग मशीन दोन्ही वर्ज्य, घोंगडी आक्रसून जाड नमदा होते. साबणानं मेण निघून जातं आणि मग ती पावसात उपयोगाची राहत नाही. धुवायचीच तर गार पाण्यात, रिठ्यानं, न पिळता, आणि आडवी पसरून वाळवावी. दोरीवर टांगली तर पाण्याच्या वजनानं लांबते. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, हा तिचा मोठा शत्रू. पेटीत बंद करण्यापूर्वी झटकून दिवसभर ऊन द्यावं, घडीत कडुनिंबाचा वाळला पाला ठेवावा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा उन्हात काढावी. रोज वापरातल्या घोंगडीला सहसा कसर लागत नाही.

जत्रेत घेतलेल्या घोंगडीवर भंडारा बसलेलाच असतो. तो कोरडाच झटकावा. पाणी लावलं तर हळद धाग्यात उतरते. तरी डाग राहिला तर चार दिवस उन्हात टाका, उन्हानं हळद उडते.